स्पर्धा परीक्षेच्या जीकेतलं (सामान्य ज्ञान) खगोल: नवीन पोरांनो, आधी हे क्लिअर करा

अरे, पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बसून नुसत्या वनलायनर (एका ओळीतली प्रश्नोत्तरं) पाठ करू नकोस, खगोलात तिथेच गेम होतो. प्रकाशवर्ष म्हणजे अंतर, काळ नाही, साधारण ९.४६ लाख कोटी किमी, आणि पार्सेक हे अंतराचंच त्याहून मोठं एकक, ३.२६ प्रकाशवर्षं. हे माहीत असतं रे सगळ्यांना, पण ऑप्शनमध्ये "वेळ मोजण्याचं एकक" दिसलं की घाईत हात तिकडेच जातो.

"पृथ्वीला सगळ्यात जवळचा तारा" विचारलं तर सूर्य, "सूर्यानंतर" लिहिलं असेल तरच प्रॉक्सिमा सेंटॉरी, तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणून प्रश्न शेवटपर्यंत वाच. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा मात्र व्याध, ध्रुव नाही, ध्रुव फक्त जागा सोडत नसल्यासारखा दिसतो म्हणून फेमस. शुक्र व्याधाहून तेजस्वी, पण तो ग्रह, ऑप्शनमध्ये मुद्दाम टाकतात (पेपर सेटरला काय मजा येते देव जाणे).

वातावरणात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचलेला तुकडा अशनी. लोणार सरोवर अशनीच्या धडकेनं झालेलं. प्लूटो २००६ पासून बटुग्रह, म्हणजे मुख्य ग्रहांत धरत नाहीत, जुन्या गाईडमध्ये नऊ ग्रह असतील तर ते गाईड अप्पा बळवंत चौकात (पुस्तकांच्या बाजारात) रद्दीत दे. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीला आयुकात (पुण्यातली खगोल संशोधन संस्था) चक्कर मार, विज्ञान दिनाला आत सोडतात.