शाळेचं रेटिंग नंतर बघा, आधी स्कूल डिस्ट्रिक्टचा पैसा कुठून येतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी एल-वन व्हिसावर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) अमेरिकेत पाठवते आहे, न्यू जर्सीतलं जर्सी सिटी किंवा टेक्सासमध्ये डॅलसजवळचं प्लेनो यांतलं एक ऑफिस निवडायचं आहे, मुलगी तिसरीत आणि धाकटा साडेतीन वर्षांचा. झिलो या घरं शोधायच्या साइटवर शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते बघून तुम्ही घर शोधताय, आणि दुसरीकडे 'शाळांच्या बजेटला कात्री' अशा बातम्या वाचून धास्तावलाय. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, माझी नणंद डॅलसच्या बाजूला राहते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी एक काळजी मिटवते. पब्लिक स्कूलमधला, म्हणजे इथल्या सरकारी शाळेतला, प्रवेश फुकट असतो आणि तो पत्त्यावर मिळतो, व्हिसावर नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालापासून मुलाच्या इमिग्रेशन स्टेटसवरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढं फाइलला लावलं की झालं. डोनेशन नाही, पालकांची मुलाखत नाही.

आता ते दहापैकी गुण. त्यात मोठा वाटा असतो परीक्षेतल्या मार्कांचा, आणि मार्क बहुतेक वेळा आईवडिलांच्या कमाईमागे जातात. शिवाय ते मार्क मागच्या वर्षांचे. तुमची मुलगी तिथे पुढची चार-पाच वर्षं शिकणार. त्या काळात वर्गात २२ मुलं असतील की ३०, लायब्ररियन राहील की जाईल, हे ठरतं डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, पैशावर. तो पैसा कोण देतं हे कळलं की बातम्यांतली निम्मी भीती जाते आणि उरलेली योग्य जागी बसते.

देशभराचा हिशेब काढला तर शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहावा. उरलेला राज्य आणि स्थानिक कर यांच्यात जवळजवळ निम्मा-निम्मा. स्थानिक म्हणजे मुख्यतः घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, मग गाव श्रीमंत असो की गरीब. इथे गावातल्या घरांच्या किमतीवर शाळेचं बरंचसं नशीब ठरत आलंय. सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टमधल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली होती. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या कोर्टात गेली, आणि म्हणून जर्सी सिटी आणि प्लेनो यांची तुलना एका फूटपट्टीने होत नाही.

न्यू जर्सीच्या घटनेत राज्याने 'सर्वांगीण आणि कार्यक्षम' शाळा चालवाव्यात असं लिहिलंय. त्या दोन शब्दांवर इथे अर्धशतक खटले चालले. १९७६ च्या जुलैत तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शाळांवरचा खर्चच थांबवला, तेव्हा कुठे विधिमंडळाने इन्कम टॅक्स लावला. पुढे अ‍ॅबट विरुद्ध बर्क या खटल्यात ३१ गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका पैसा देण्याचा हुकूम झाला. जर्सी सिटी त्या ३१ पैकी एक. त्या खटल्यामुळेच तिथे ३ आणि ४ वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचं प्री-के (बालवाडी) फुकट मिळतं. शेजारच्या पैसेवाल्या गावात त्याच वयाच्या मुलासाठी डेकेअरला महिना हजार-दीड हजार डॉलर आणि त्याहूनही वर मोजणारे आपले लोक मी रोज बघते. तुमचा धाकटा साडेतीनचा आहे, तेव्हा ही गोष्ट झिलोवरच्या गुणांपेक्षा तुमच्या खिशाला जास्त जवळची.

२००८ पासून इथे एक फॉर्म्युला आहे. डिस्ट्रिक्टमध्ये मुलं किती, त्यातली गरीब किती, इंग्रजी शिकणारी किती, यावरून 'एवढा खर्च लागायला हवा' असा आकडा निघतो. मग गावाची मालमत्ता आणि रहिवाशांची कमाई बघून गावाने किती उचलावा ते ठरतं. फरक राज्य भरतं. ऐकायला न्याय्य, आणि माझ्या मते मुळात न्याय्यच आहे. गोची अशी की फॉर्म्युला आला तेव्हा कुणाची मदत कमी होऊ नये म्हणून जुन्या रकमा चालू ठेवल्या. जर्सी सिटीत हडसन नदीच्या काठी काचेचे टॉवर उभे राहिले, किमती गगनाला भिडल्या, तरी जुनी मदत चालूच राहिली. २०१८ मध्ये एस-टू नावाचा कायदा आला आणि सात वर्षांत ही जादा मदत काढून घ्यायचं ठरलं. जर्सी सिटीची राज्याकडून येणारी रक्कम निम्म्याहून जास्त घटली. शहराने तो खड्डा भरायला कंपन्यांवर पेरोल टॅक्स (पगारांच्या रकमेवरचा कर) लावला आणि शाळेचा स्थानिक कर वाढवला.

त्या टॉवर्सची आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली. त्यातले बरेच 'पायलट' करारावर बांधलेले आहेत. बिल्डर नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ठरलेली रक्कम भरतो. कायद्याने त्यातली ९५ टक्के शहराला आणि ५ टक्के काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखी) जाते, शाळांच्या वाट्याला आपोआप काहीच येत नाही. आपली आयटीतली मंडळी नेमक्या याच इमारतींत भाड्याने राहतात आणि मग शाळांना पैसा पुरत नाही म्हणून हळहळतात!

पण एस-टूचा खरा मार बसला तो मधल्या गावांना. अतिश्रीमंत गावाला राज्याकडून मुळातच चिमूटभर येतं, ते कमी झालं तरी कुणाला कळतही नाही. गरीब शहराला फॉर्म्युला सांभाळतो. मधलं गाव, जिथे मुलं हळूहळू कमी होतायत आणि घरांच्या किमती वाढतायत, तिथे राज्य म्हणतं 'आता तुम्ही ऐपतवाले झालात' आणि मदत कापतं. गावाने म्हणावं, बरं, आम्ही कर वाढवतो; तर २०१० च्या कायद्याने तो वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. शिक्षकांचे पगार आणि आरोग्य विमा काही २ टक्क्यांवर थांबत नाहीत. टॉम्स रिव्हर हे याचं गाजलेलं उदाहरण. आरडाओरडा इतका झाला की २०२४ मध्ये राज्याने कापलेल्या रकमेतला काही भाग परत दिला आणि अशा गावांना त्या वर्षापुरती ९.९ टक्क्यांपर्यंत करवाढ करू दिली. २०२५-२६ साठी कुणाचीही मदत ३ टक्क्यांहून जास्त घटणार नाही आणि ६ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असं बांधून टाकलं.

कात्री लागते म्हणजे काय होतं? फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नरचं बजेट येतं, दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टचा आकडा बाहेर पडतो, आणि कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावं लागतं. मधले दोन-अडीच महिने नुसती धाकधूक. शेजारच्या एका गावाच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला मी मैत्रिणीसोबत गेले होते. शाळेच्या कॅफेटेरियात पडद्यावर यादी लावलेली: संध्याकाळची लेट बस बंद, दोन लायब्ररियन कमी, चौथीचे वाद्यवादनाचे तास बंद, कर्टसी बस बंद. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. गणित किंवा इंग्रजीला कुणी हात लावत नाही, त्यामुळे रेटिंग दोन-तीन वर्षं जसंच्या तसं राहतं. शाळा मात्र हळूहळू आटत जाते.

कर्टसी बस म्हणजे काय ते घर ठरवण्याआधी समजून घ्या. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे, हायस्कूलला अडीच मैल. त्याच्या आत मिळते ती मेहरबानी, आणि पैसे आटले की पहिली तीच जाते किंवा तिला फी लागते. पावणेदोन मैल, फूटपाथ नाही, जानेवारीचा बर्फ आणि दोघं नोकरीवर. घर 'शाळेच्या जवळ' आहे म्हणून खूश होऊ नका, मैल मोजा.

आता टेक्सास. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून 'हातात जास्त पडतं' असं तुम्हाला सगळे सांगतील. खरं आहे. पण शाळेचं गणित वेगळं. राज्य दर मुलामागे एक मूळ रक्कम ठरवतं. २०१९ पासून ती ६,१६० डॉलर होती, महागाई एवढी भडकली तरी तिथेच अडकून राहिली. २०२५ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरचं पॅकेज आलं, त्यात बराच पैसा शिक्षकांच्या पगारवाढीला गेला, मूळ रकमेत भर पडली ५५ डॉलरची. आणि घरांच्या किमती वाढल्या म्हणून डिस्ट्रिक्ट श्रीमंत होत नाही. स्थानिक कर वाढला की राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. मालमत्ता फारच जास्त असेल तर उरलेला पैसा राज्य उचलून घेतं. त्याला तिथे सगळे रॉबिन हूड म्हणतात, १९९३ पासून आहे. ऑस्टिन सगळ्यात जास्त भरतं, प्लेनोही भरणाऱ्यांत आहे. म्हणजे प्लेनोत घर घेऊन तुम्ही जो शाळेचा कर भराल त्यातला काही भाग प्लेनोच्या शाळांना मिळणारच नाही.

शिवाय पैसा पटावर नाही, रोजच्या हजेरीवर मिळतो. नणंदेकडे लग्नासाठी तीन आठवडे भारतात यायचं म्हटलं की शाळेतून मेसेजवर मेसेज. ९० टक्के हजेरीचा नियम तर आहेच, पण रिकाम्या बाकामागे डिस्ट्रिक्टचे पैसे जातात हेही आहे. आणि मुलं कमी झाली की शाळा बंद. प्लेनोत जुने घरमालक म्हातारे झाले, तरुण जोडप्यांना तिथली घरं परवडेनात, पट घसरला. २०२४ च्या जूनमध्ये बोर्डाने चार शाळा बंद करायचा ठराव केला. चांगल्या नावाचं डिस्ट्रिक्ट, तरीही.

तिथे चकचकीत इमारत बघून भुलू नका. इमारती बाँडमधून, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढलेल्या कर्जातून होतात, आणि बाँडचा पैसा पगाराला वापरता येत नाही. शेजारच्या अ‍ॅलनमध्ये हायस्कूलचं ६ कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम २०१२ मध्ये उभं राहिलं आणि दोन वर्षांत भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलं. बाँडच्या मतपत्रिकेवर 'ही प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ आहे' असं छापणं आता कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा मतदार काय करतात ते बघायला नको. एल-वनवर तुम्हाला मत नाही, पण मीटिंगमध्ये उठून बोलायला कुणी अडवत नाही.

अजून एक, पत्त्याबद्दल. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टची हद्द शहराच्या हद्दीशी जुळत नाही. प्लेनोचा पत्ता असलेलं घर फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतं. ब्रोकरच्या शब्दावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बघा.

न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला 'यूजर फ्रेंडली बजेट' साइटवर टाकावं लागतं. त्यात तीनच ओळी बघा: १५ ऑक्टोबरचा पट तीन वर्षांत वाढतोय की घटतोय, राज्याची मदत एकूण उत्पन्नाच्या किती, आणि बजेट जुळवायला शिल्लक रक्कम किती वापरली. पट घटतोय, मदत घटतेय आणि शिल्लक खाऊन दिवस ढकलतायत, असं तिन्ही एकत्र दिसलं तर तिथे घर विकत घेऊ नका, रेटिंग नऊ असलं तरी.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा एक फॉर्म येतो. आपले पालक मुलावर शिक्का बसेल या भीतीने 'इंग्लिश' लिहितात. मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. मुलीची छोटी चाचणी होईल, गरज असेल तर मदत मिळेल, नसेल तर विषय संपला. अशा मुलांमागे दोन्ही राज्यांत डिस्ट्रिक्टला जादा पैसे मिळतात. टेक्सासमध्ये तर इंग्रजी न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला प्री-के त्याच कारणाने फुकट मिळतं.

माझं मत विचाराल तर धाकट्याचं वय बघता जर्सी सिटी घ्या आणि भाड्याने राहा. राज्याची कात्री तिथे लागून गेली आहे, पेरोल टॅक्स सुरू आहे, आणि दोन वर्षांचं प्री-के फुकट मिळतंय. भाडं ठरवण्याआधी मुलीची शाळा कोणती येते ते विचारा, कारण शहरात शाळाशाळांत बराच फरक आहे. घर हातात आलं की त्याच आठवड्यात प्री-केचं नाव नोंदवा, जवळच्या जागा लवकर भरतात. तो किंडरगार्टनला जायच्या आधीच्या वसंतात उपनगरांची बजेटं उघडून बसा, तोवर मुलगी पाचवीच्या आसपास असेल आणि मिडल स्कूलचा विचार तसाही करावा लागेल. प्लेनोच पक्कं झालं तर बंद होणाऱ्या शाळांमुळे हद्दी बदलल्यात, तेव्हा जुन्या जाहिरातीतल्या शाळेच्या नावावर विसंबू नका.