पडदा सोडा, आधी बॉक्समागची पिन बघा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भाऊंचं पत्र आलंय. घरी ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे, तरी मॅच धूसर दिसते, फटका मारला की चेंडू कुठे गेला ते कळत नाही. गावातला केबलवाला खेळाची एकच वाहिनी एचडीत देतो, बाकी साध्या. आता टीव्हीवरचा जीएसटी उतरलाय, तर ५५ इंची फोरके टीव्ही महिना ४,५०० च्या बारा हप्त्यांवर, म्हणजे ५४ हजारांना घेऊ का?

भाऊ, नका घेऊ. बोअरला पाणी कमी असताना मोटर तीनऐवजी पाच एचपीची बसवण्यातला हा प्रकार आहे. साध्या वाहिनीचं चित्र ५७६ ओळींचं असतं, एचडीचं १०८० ओळींचं. १०८० ओळी तुमचा आत्ताचा टीव्ही दाखवतो. फोरकेला २१६० लागतात. केबलवरून ५७६ च आल्या तर तो त्याच ताणणार, आणि ५५ इंचावर धूसरपणाही मोठा दिसणार.

केबलच्या सेट-टॉप बॉक्सचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. मागे लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिना आहेत. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही! म्हणजे ती एकुलती एक एचडी वाहिनीही तुम्ही आजवर साधीच बघत आलात. बॉक्सला एचडीएमआयचं चपटं तोंड असेल तर काम दोन-तीनशेच्या वायरवर भागेल. नसेल तर बॉक्सच साधा आहे, तो बदलून मागा.

बाकीच्या वाहिन्या केबलवाला एचडीत देतच नसेल तर डीटीएचची छत्री लावा, पण मालिका-सिनेमांचा गठ्ठा गळ्यात मारून घेऊ नका. वाहिनी सुटी मिळते. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नसावी असा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) नियम आहे. अशा तीन धरल्या तर ५७, जीएसटीसह महिना ६७ रुपये. नेटवर्क फी वेगळी. सामने संपले की वाहिन्या बंद करायच्या. मोबाइलच्या डेटावर मात्र विसंबू नका. एचडीला तासाला दीड-दोन जीबी सहज जातात, रोजचा दोन जीबीचा पॅक पंधरा-वीस षटकांत आटोपतो.

आता हप्त्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे खरंय. तुमच्या ५४ हजारांत त्याने वाचले सुमारे साडेचार हजार, म्हणजे जेमतेम एक हप्ता. बाराच्या बारा हप्ते तरी तुम्हालाच भरायचेत. ‘बिनव्याजी’वर जाऊ नका. दुकानदाराला रोखीचा भाव विचारा, तो जितका खाली येईल तितकं व्याज समजा. वर प्रोसेसिंग फी असतेच. तुम्हीच लिहिलंय की कांदेबाग केळीचा पैसा कटाईला एकदम येतो. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तरी ती पाच तारीख काही पुढे जात नाही. मोठ्या टीव्हीची हौस असेलच (आणि असावी, मलाही आहे), तर कटाईनंतर खत आणि रोपांचे पैसे बाजूला काढून रोखीने घ्या.

तोवर वायर बदला, एचडी वाहिनी लावा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर ५७६ की १०८० ते तिथेच दिसतं. काय आकडा आला ते कळवा.