नोटीस पिरियडमध्ये घरून काम : ‘ऑफिसला या, नाहीतर गैरहजर’ या मेलला उत्तर काय द्यायचे?

प्रश्न : मी साताऱ्यात राहून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम साडेतीन वर्षे घरूनच करते. 5 जानेवारी 2026 ला राजीनामा दिला. करारात 90 दिवसांची नोटीस आहे. 2 फेब्रुवारीला एचआरचा मेल आला : 9 तारखेपासून रोज पुण्याला हजर राहा, नाहीतर गैरहजेरी लागेल, पगार थांबेल, रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही. घरून भरलेले दिवस नोटिशीत धरणार नाही, असेही फोनवर सांगितले. घरी लहान मूल आहे, रोज पुणे जमणार नाही. काय करू?

उत्तर : मेलला उत्तर देण्याआधी नेमणूकपत्र काढा आणि ‘कामाचे ठिकाण’ ही ओळ वाचा. तुमचे अर्धे प्रकरण त्या एका ओळीवर आहे.

घरून काम करणे हा आपल्याकडे सरसकट हक्क नाही. पण पगार कापायचा तर त्याला कायदा लागतो. तो आता वेतन संहिता, 2019, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. आधीच्या वेतन प्रदान कायद्यात महिना 24,000 रुपयांची मर्यादा असल्याने तुमच्यासारखे बहुतेक जण त्याबाहेर राहायचे. संहितेत वेळेवर पगार आणि कपातीच्या तरतुदींना ती मर्यादा नाही. तिच्या कलम 20 प्रमाणे गैरहजेरीची कपात करता येते ती नोकरीच्या अटींनुसार जिथे काम करणे बंधनकारक आहे, त्या ठिकाणी तुम्ही नसाल तरच. तीही गैरहजर राहिलेल्या वेळेपुरती.

नेमणूकपत्रात किंवा नंतरच्या एखाद्या पत्रात ‘ठिकाण : घर’ असे असेल, तर साताऱ्यात बसून काम करणारा माणूस गैरहजर ठरत नाही. मात्र बदलीचे कलमही तपासा. ‘कंपनी भारतात कुठेही पाठवू शकते’ हे वाक्य बहुतेक पत्रांत असते आणि कंपनी त्यावरच बोट ठेवेल. पत्रात ‘पुणे’ असेल आणि घरून काम ही ‘व्यवस्थापन केव्हाही मागे घेऊ शकेल अशी सवलत’ असेल, तर कंपनीची बाजू भक्कम आहे. तेव्हा हक्कावर अडून बसू नका, मुदत आणि तडजोड मागा. साडेतीन वर्षांची सवलत सात दिवसांत काढून घेणे, तेही फक्त राजीनामा दिलेल्यासाठी, हा मुद्दा मांडण्याजोगा आहे. तुमचे मुख्य काम स्वतः कोडिंग करण्याचे असेल आणि हाताखाली माणसे नसतील, तर औद्योगिक संबंध संहितेतली, सेवाशर्ती बदलण्याआधी कंपनीने द्यायची 21 दिवसांची नोटीसही तुम्हाला लागू असल्याचे म्हणता येते. ती हुकमी नाही, पण एचआरच्या कायदा विभागाला ती माहीत असते.

घरून भरलेले दिवस मोजणार नाही, या म्हणण्याला आधार दिसत नाही. कंपनीने काम घेतले, पगार दिला, तर ते दिवस नोटिशीतच गेले. 6 जानेवारीपासून मोजा : 90 वा दिवस 5 एप्रिलला, रविवारी येतो. राजीनाम्यानंतर हिशेबाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असे वेतन संहितेचे कलम 17 सांगते. शनिवार-रविवार सुट्टी धरली, तर 7 एप्रिलपर्यंत. ‘फुल अँड फायनल 45 दिवसांनी’ हे कंपनीचे धोरण असते, कायदा नव्हे.

उत्तराचा मेल 9 तारखेआधी जायला हवा. तीनच गोष्टी लिहा. एक, नेमणूकपत्रातले ठिकाण आणि 2022 पासून घरूनच काम चालू असल्याचा उल्लेख. दोन, ‘मी रोज लॉगिन करून काम करत आहे आणि 5 एप्रिलपर्यंत करीन, हस्तांतरासाठी आठवड्यातून एक दिवस पुण्याला यायची तयारी आहे.’ तीन, फोनवर जे सांगितले ते लेखी कळवावे, ही विनंती. भाषा साधी ठेवा, धमकीला धमकी नको.

त्यानंतर 9 तारखेलाही नेहमीच्या वेळी लॉगिन करा आणि संध्याकाळी दिवसभराच्या कामाचा चार ओळींचा मेल मॅनेजरला पाठवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण अशी प्रकरणे बिघडतात ती माणूस रागावून गप्प बसल्यामुळे. चार दिवस मेल नाही, की कंपनी ‘न कळवता काम सोडले’ असा शेरा मारते, आणि तो शेरा पुढच्या कंपनीच्या पडताळणीत बाहेर येतो. लॉगिन कंपनीनेच बंद केले, तर स्क्रीनचा फोटो काढून त्याच तासात स्वतःच्या मेलवरून कळवा : मी कामाला तयार आहे, प्रवेश द्या.

प्रवेश चालू आहे तोवर पगाराच्या स्लिप, नेमणूकपत्र, रजेचा शिल्लक तक्ता, राजीनामा स्वीकारल्याचा मेल उतरवून ठेवा. फक्त स्वतःचे कागद. कोड किंवा ग्राहकाची फाइल खासगी मेलवर एकदा जरी गेली, तरी तक्रारदार तुम्ही राहत नाही, आरोपी होता. लॅपटॉप परत करताना अनुक्रमांक आणि चार्जरसह फोटो काढा, विमा उतरवून कुरिअर करा, पोहोच मेलवर मागा. नुकसानीपोटी पैसे कापायचे तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत.

मधेच सोडायचा विचार असेल, तर न भरलेल्या नोटिशीपोटी कंपनी करारानुसार किती पैसे मागू शकते, ते आकडे पाहून ठरवा. 8 फेब्रुवारीला 34 दिवस भरतात, 56 उरतात. एकूण पगार 78,000 आणि मूळ पगार 39,000 आहे असे धरू. करारात ‘मूळ पगार’ लिहिले असेल, तर 56 दिवसांचे 72,800 रुपये. ‘एकूण पगार’ असेल, तर 1,45,600. हा फरक एका शब्दाचा आहे. त्यावर जीएसटी मात्र लागत नाही. 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने ते स्पष्ट झाले आहे. शिल्लक रजा नोटिशीत वळती करायची असेल, तर कंपनीची लेखी संमती घ्या. काम करायला भाग पाडणारा हुकूम कोर्ट देत नाही, पैशांचा दावा मात्र होऊ शकतो.

पगार अडकलाच, तर आधी लेखी मागणी करा, मग कामगार आयुक्त कार्यालयात वेतन संहितेखाली अर्ज करा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे. करारात ‘फक्त बंगळुरूची न्यायालये’ असे कलम असेल, तर दिवाणी दाव्यासाठी ते बंधनकारक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये नोकरीच्या करारांतली अशी कलमे वैध ठरवली. म्हणून दाव्याच्या वाटेला जाण्याआधी ते पान वाचा.

रिलीव्हिंग लेटर लांबले, तर नव्या कंपनीला राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन स्लिप आणि पीएफची सेवानोंद दाखवा. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएनच्या (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर ती स्वतः भरता येते.