बूम माइक हातात घेण्यापूर्वी

प्रश्न : मी बी. ए. झालो असून दोन वर्षे येथील केबल वाहिनीसाठी बातम्या करतो. एका वृत्तवाहिनीने तालुका प्रतिनिधी म्हणून विचारले आहे. मात्र पगार नाही, बातमीमागे मानधन मिळेल आणि दिवाळीला जाहिराती मिळवून द्याव्या लागतील. यातून पुढे पूर्णवेळ वार्ताहर होता येईल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : होता येईल; परंतु आपल्याला देऊ केलेले काम नोकरीचे नाही, स्ट्रिंगरचे, म्हणजे बातमीमागे मानधन घेणाऱ्या बातमीदाराचे आहे. २००७पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि गावाकडच्या बातमीचा मोठा भार अशा मानधनावरच्या माणसांवर पडला. अतिवृष्टी झाली की पहिली दृश्ये तेच पाठवतात, फोनोही, म्हणजे फोनवरून थेट माहितीही, तेच देतात. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन पोहोचली की पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहून बातमी सांगणे, मात्र बहुधा दुसराच कुणी करतो. मानधन सहसा लागलेल्या बातमीचेच मिळते, त्यामुळे न लागलेल्या बातमीचे पेट्रोल आपल्याच खिशातून जाते.

मला सर्वांत खटकते ती जाहिरातीची अट. ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडून आपण दिवाळीची जाहिरात आणली, त्याच कारखान्याने उसाचे पैसे थकवले, तर शेतकऱ्यांचा बाइट (कॅमेऱ्यावरची प्रतिक्रिया) आपण कोणत्या तोंडाने घेणार? ही अट वगळून घेता आली तर पाहावे. ती कायम राहणार असेल, तर आपल्या जागी मी केबलवरच राहिलो असतो.

नियुक्तिपत्र मात्र मागावेच. १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता; २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमांतले, अगदी अर्धवेळ नोकरी करणारेही आले आहेत, पण आपण नोकरीत आहोत हे दाखवणारा कागदच नसेल, तर त्या व्याख्येचा आधार घेणे कठीण जाते.

पूर्णवेळ जागा भरताना एखाद्या विषयावरची पकड पाहिली जाते. बाजार समिती, तुरीचे भाव, पीकविमा यांपैकी एक विषय वर्षभर धरून ठेवावा, आणि चित्रीकरणाच्या मूळ फायली तारीखवार स्वतःकडे जपाव्यात. माझ्या उमेदवारीच्या काळात कॅसेट एसटीच्या वाहकाच्या हाती देऊन पाठवली की ती परत येत नसे, आणि पुढे पहिल्या मुलाखतीत दाखवायला माझ्यापाशी एकही बातमी नव्हती.