इंडियाना ड्यून्स: आई-बाबांना घेऊन कोणता ट्रेल करावा?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-बाबांना शिकागोहून एका दिवसासाठी इंडियाना ड्यून्सला, म्हणजे लेक मिशिगन या प्रचंड तळ्याच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांना, न्यायचंय, बाबा नेमाने सिंहगड चढतात, तर ‘थ्री ड्यून चॅलेंज’ करावं का. माझं स्पष्ट मत: पहिल्या खेपेला ते नको. तिथल्या स्टेट पार्कमधला ट्रेल ९ करा.

चॅलेंज आहे दीड मैलाचं. माउंट जॅक्सन, होल्डन आणि टॉम या तीन टेकड्या, सगळी चढण मिळून ५५२ फूट. सिंहगडवाल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण गडावर पायाखाली दगड असतो, इथे भुसभुशीत वाळू. टाकलेलं पाऊल अर्धं मागे घसरतं आणि पोटऱ्या भरून येतात. बाबा चढतील, प्रश्नच नाही. पण सगळं लक्ष पायांकडे राहील आणि इथे जे खरं बघायचं ते राहूनच जाईल.

शिकागो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स याच टेकड्यांमध्ये हिंडले आणि १८९९ मध्ये त्यांनी इथल्या वनस्पतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेक मिशिगनच्या काठाला सगळ्यात नवी वाळू, आणि आत जावं तसतशा टेकड्या जुन्या होत जातात. काठाला मारम नावाचं वाळूत उगवणारं गवत आणि कॉटनवुडची झाडं, मग जॅक पाइन, त्यामागे ब्लॅक ओकचं रान. उघड्या वाळूचं जंगल कसं होतं हे बघायला एरवी शेकडो वर्षं थांबावं लागेल. इथे ते पायी चालता चालता दिसतं.

ट्रेल ९ साधारण पावणेचार मैलांचा आहे. नेचर सेंटरला गाडी लावा. आधी ओकची सावली, मग एकदम टेकडीच्या माथ्यावरून जाणारी वाट, एका हाताला तळं, समोर ‘ब्लोआउट’. गवताचं आवरण फाटलं की वारा तिथली वाळू उपसत जातो आणि टेकडीला मोठी खोलगट वाटी पडते. वाटेवरूनच तिची कड नीट न्याहाळा. वाळू ढासळलेल्या जागी मारमची आडवी खोडं दोरखंडासारखी लोंबताना दिसतात, पेरापेराला मुळं फुटलेली. अंगावर वाळू आली तर हे गवत आणखी वर वाढतं, पण माणसांच्या पायाखाली मात्र टिकत नाही. म्हणून कृपा करून फोटोसाठीही वाट सोडू नका. मला याबाबत फार कळकळ वाटते, कारण नॅशनल पार्कमधल्या माउंट बाल्डीचं काय झालं ते समोर आहे: तिथलं गवत पायाखाली तुडवलं गेलं. ती १२६ फुटांची टेकडी दरवर्षी काही फूट आत सरकते आणि वाटेतली झाडं गिळते. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा तिथल्या वाळूत गडप झाला. गाडली गेलेली झाडं कुजून आत पोकळी झाली होती. काही तासांनी तो जिवंत सापडला. आता माथ्यावर फक्त रेंजरबरोबरच जाता येतं.

आईंना एवढं चालणं जड वाटत असेल तर नॅशनल पार्कमधल्या वेस्ट बीचचा ‘ड्यून सक्सेशन ट्रेल’ घ्या. अंतर जेमतेम मैलभर, काउल्स यांनी पाहिलेले सगळे टप्पे त्यात येतात. मात्र लाकडी जिने बरेच आहेत, गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा.

बाकी, स्टेट पार्क आणि नॅशनल पार्क ही दोन वेगळी खाती आहेत. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या गेटवर चालत नाही, तिथे वेगळे पैसे पडतात. जूनमध्ये दुपारी वाळू चटके देते, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि चपला नकोत, बूटच हवेत. गवताळ भागात गोचिड्या असतात. परतल्यावर पायमोजे, गुडघ्यामागची जागा तपासा. तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही असू शकते. तळ्याला लाटा मोठ्या असतील त्या दिवशी पाण्यात उतरू नका, तिथली पाण्याची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आत खेचते.

गाडी नसेल तर मिलेनियम स्टेशनहून साउथ शोर लाइनने ड्यून पार्क स्टेशनला उतरा. तिथून गेटपर्यंत चालत जाता येतं, पण ते अंतर ट्रेलच्या हिशेबात धरा आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.