विचारा की! – वांजिकू, व्हाइटनर आणि गावकी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रिटायर्ड माणूस, कोपरखैरणेला राहतो. मुलगा नैरोबीला औषध कंपनीत आहे. तो गेला आणि महिन्याभरात, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये, तिकडे टॅक्सवरून मोठा राडा झाला, पोरं थेट संसदेत घुसली, आमच्या हिच्या डोळ्याला आठवडाभर डोळा नव्हता. त्याच्या ऑफिसातली तरुण मंडळी म्हणतात आम्ही ट्राइबलेस, आम्हाला टोळी नाही. पण हाच मुलगा सांगतो की कॅन्टीनमध्ये आडनाव ऐकलं की कोण कुठल्या टोळीचा ते सगळ्यांना कळतं. मग खरं काय? आणि टोळीत अडकलेल्या लोकांना घटनेचं काही पडलेलं असतं का?

उत्तर : काका, आडनाव ऐकलं की कळतं हे तुम्ही नैरोबीचं सांगताय की ठाण्याचं? मी पाचपाखाडीत भाड्याने घर बघत होते तेव्हा ब्रोकरने बजेटच्या आधी आडनाव विचारलं होतं आणि नंतर "म्हणजे तुम्ही..." म्हणून वाक्य अर्धवट सोडून माझ्याकडे बघत बसला. असो.

आधी 'टोळी' हा शब्द सोडू या. टोळी म्हणजे चोरांची, नाहीतर ऊसतोडीची. केनियात २०१९ च्या जनगणनेत किकुयू भरले ८१ लाख, डेन्मार्क अख्खा साठ लाखांच्या आसपास आहे आणि त्याला आपण टोळी म्हणत नाही. समाज म्हणा, जमात म्हणा.

आता घटना कळते का. हाच प्रश्न नव्वदच्या दशकात तिकडचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी विचारला होता, की त्या वांजिकूला घटनेतलं काय कळतंय? वांजिकू हे किकुयू बायकांमधलं अगदी घरोघरचं नाव, म्हणजे आपल्याकडे कोणी म्हणावं की सखूबाईला काय कळतंय. लोकांनी काय केलं, तो टोमणाच उचलला. वांजिकू म्हणजे सामान्य माणूस असा अर्थ होऊन बसला, कार्टूनमध्ये आली, भाषणांत आली, आणि 'वांजिकूची कतिबा' अशी मागणी सुरू झाली. कतिबा म्हणजे स्वाहिलीत घटना, आपल्या 'किताब'च्याच घरातला शब्द आहे तो. वकील, चर्चवाले, मुस्लिम संघटना, अगदी तिकडची हिंदू कौन्सिलसुद्धा या मागणीत होती.

आणि मग २००७ ची निवडणूक. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकीच परत जिंकले असं जाहीर झालं आणि अंधार पडता पडता घाईघाईने शपथविधी उरकला. हरलेल्या ओडिंगांच्या पक्षाने सांगितलं आम्ही कोर्टात जाणार नाही, न्यायाधीश त्यांचेच आहेत. म्हणजे भांडायला जागाच नाही, मग भांडण रस्त्यावर येणार, आलंच. ११०० च्या वर माणसं मेली, लाखो बेघर झाली, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळलं कारण आडनाव. त्या धक्क्यातून २०१० ची घटना आली, सार्वमतात साधारण दोन तृतीयांश मतं पडली.

मला यातली खरी गोष्ट वाटते ती पुढची. तेच ओडिंगा २०१३ ला हरले आणि कोर्टात गेले, तिथेही हरले, पण निकाल मान्य केला. २०१७ ला परत हरले, परत कोर्टात, आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने अख्खी निवडणूकच रद्द केली. सत्तेतल्या माणसाचा विजय कोर्टाने रद्द करायची आफ्रिकेतली ती पहिली वेळ. तोपर्यंत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली होती, आणि फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला, म्हणजे सगळं छान छान झालं असं नाही. पण दहा वर्षांपूर्वी जो माणूस कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हता त्याच्या बाजूने कोर्ट उभं राहिलं हे त्याच्या लोकांनी बघितलं. घटनेबद्दल आपुलकी अशी येते हो, शाळेत प्रास्ताविका पाठ करून येत नाही, हरलेल्याच्या हातात तिने एकदा तरी काहीतरी ठेवायला लागतं. पुढे हेच ओडिंगा आणि त्यांचे जुने वैरी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा, एकत्र येऊन घटना बदलायला निघाले तेव्हा साध्या नागरिकांनी केस टाकली आणि कोर्टाने २०२२ ला या दोघांचाही बेत हाणून पाडला. (ओडिंगा २०२५ मध्ये आपल्या केरळात वारले, आयुर्वेदाच्या उपचाराला आले होते.)

तर तुमच्या मुलाचे कलीग खोटं बोलत नाहीयेत. २०२४ च्या त्या टॅक्सच्या बिलात सुरुवातीला पावावर १६ टक्के व्हॅट होता, पाव काय किकुयू आणि लुओ (ओडिंगांचा समाज) बघून महाग होत नाही. पोरांनी बिलाची स्थानिक भाषांत भाषांतरं केली, मोर्चाचा हक्क देणारं कलम ३७ फोनवर फिरवलं. डझनावारी मुलं जिवानिशी गेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी बिल मागे घेतलं. आडनाव त्यांना माहीत होतंच, त्या आठवड्यात त्याचा उपयोग नव्हता एवढंच.

प्रश्न : ताई, मी टीवायबीए, ठाणे. सर म्हणाले आफ्रिकेत सिव्हिल सोसायटी, म्हणजे नागरिकांच्या स्वतःच्या संघटना, अशी नाहीच, फक्त ट्राइब्ज आणि फॉरेन फंडिंगवाल्या एनजीओ. परवा व्हायवा आहे प्लीज लवकर.

उत्तर : सरांशी व्हायवात भांडू नकोस, पण एक नाव टाक, पीटर एकेह, नायजेरियाचे अभ्यासक. १९७५ साली त्यांनी मांडलं की वसाहतीमुळे आफ्रिकेत एक नाही दोन सार्वजनिक जगं तयार झाली. एक आपल्या समाजाचं, तिथे माणूस पदरचे पैसे घालतो आणि परत काही मागत नाही. दुसरं सरकारचं, ते गोऱ्यांनी आणलेलं, तिथून जेवढं ओढता येईल तेवढं ओढायचं आणि ओढून आपल्या समाजात वाटलं तर तो चोर नाही, उलट कर्ता पुरुष.

कळायला जड वाटत असेल तर आपल्याकडच्या जुन्या गावठाणातल्या कुठल्याही मंदिरात जाऊन ये. भिंतीवर फरशीत कोरलेलं असतं, अमुक यांजकडून ५०१, तमुक यांजकडून सभामंडपाचा पंखा. गावकीच्या वर्गणीत शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हिशोब द्यावा लागतो. आणि त्याच गल्लीतला पालिकेचा रस्ता वर्षात तीनदा खोदला तर कोण विचारतं? म्हणजे हिशोब मागता येत नाही असं नाही, पालिका आपली वाटत नाही.

दुसरं उदाहरण मलावी, हे सांगितलंस तर सरांना पण आवडेल. मे २०१९ ची निवडणूक, मतमोजणीच्या कागदांवर चक्क व्हाइटनर लावून आकडे बदललेले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका ३८.५७ टक्क्यांवर विजयी, विरोधी नेते चक्वेरा ३५.४१ वर हरले. मानवी हक्कवाल्यांच्या आघाडीने महिनोन्‌महिने मोर्चे काढले आणि मोर्चेकऱ्यांना संरक्षण द्यायला लष्कर उभं राहिलं. ३ फेब्रुवारी २०२० ला पाच न्यायाधीश बुलेटप्रूफ जॅकेट घालून लष्कराच्या गाडीतून कोर्टात आले आणि निवडणूक रद्द केली. वर हेही सांगितलं की जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतील. इथे खरी मेख आहे. मलावीत उत्तर, मध्य, दक्षिण असे मतांचे गठ्ठे, एकट्या गठ्ठ्यावर कोणी पन्नास टक्के गाठू शकत नाही, मग दुसऱ्या भागातल्या माणसाचा हात धरावाच लागतो. चक्वेरांनी तसा धरला आणि जूनमध्ये जिंकले. आणि मजा म्हणजे सप्टेंबर २०२५ ला लोकांनी मुथारिकांनाच परत आणलं, चक्वेरांनी हार मान्य केली.

सगळीकडे असं होत नाही हेही लिही. बुर्किना फासोत 'नागरिकांचा झाडू' नावाच्या चळवळीने २०१४ ला लोकांना रस्त्यावर आणलं, २७ वर्षं खुर्चीत बसलेला माणूस गेला, आणि २०२२ मध्ये एकाच वर्षात दोनदा लष्कराने सत्ता घेतली.

प्रश्न : मी घणसोलीचा, आगरी. आमच्या जमिनीवर शहर उभं राहिलं आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत मिळावेत म्हणून आमच्या बापजाद्यांच्या चपला झिजल्या. आता आम्ही भूमिपुत्र म्हटलं की सोसायटीवाले म्हणतात संविधानात सगळे समान, जातपात काढू नका. आमची ओळख म्हणजे संविधानाच्या विरोधात का हो?

उत्तर : अजिबात नाही दादा. जमीन गेली तिचा मोबदला मागणं म्हणजे जातपात काढणं नव्हे, आणि ज्याने फ्लॅट रेडी पझेशन घेतला त्याने हे शिकवू नये असं माझं सरळ मत आहे, मी स्वतः फ्लॅटवालीच असून.

पण नायजेरियाचं एक बघा. तिथे लोकल गव्हर्नमेंट दाखला देतं की हा माणूस इथला मूळचा, आणि सरकारी नोकरी, कॉलेजची सीट अशा कितीतरी गोष्टी त्या दाखल्यावर ठरतात. तुम्ही तिथे जन्मलात, आजोबा तिथे जन्मले, तरी पूर्वज दुसरीकडचे असले तर तुम्ही 'सेटलर'. जोस नावाच्या शहरात यावरून २००१ मध्ये शेकडो लोक मेले आणि नंतरही धुमसत राहिलं. सुरुवात तर संरक्षणासाठी झालेली, की मोठ्या समाजांनी लहानांना गिळू नये. त्याच नायजेरियात राष्ट्राध्यक्षाला मात्र नुसती जास्त मतं पुरत नाहीत, ३६ पैकी किमान २४ राज्यांत पाव मतं मिळवावी लागतात, म्हणजे एकाच समाजाचा नेता म्हणून तुम्ही गादीवर बसूच शकत नाही.

तुमची मागणी नुकसान झालं त्याची आहे, ती कागदावर मोजता येते, सातबारा आहे, भूसंपादनाच्या अवॉर्डची तारीख आहे. ती तशीच ठेवा. उद्या ती 'इथे कोणी राहायचं' अशी झाली तर ज्यांची जमीन गेलीच नाही असे पुढारी ती तुमच्या हातातून काढून घेतील. साडेबारा टक्क्यांचे किती प्लॉट शेवटी कोणाच्या नावावर गेले हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

प्रश्न : ताई, परत मीच, कोपरखैरणे. मुलगा म्हणतो तिकडच्या सरकारने २०१७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मग आता तोही केनियन जमातीत आला का? आणि पुढच्या निवडणुकीत त्याने तिथे राहावं की यावं?

उत्तर : नाही काका, ते तिथल्या नागरिकांसाठी, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आशियाई कुटुंबांसाठी. तुमचा मुलगा वर्क परमिटवर, तो कोपरखैरणेकरच.

निवडणुकीची तारीख तिथे घटनेतच लिहिलेली आहे, दर पाचव्या वर्षी ऑगस्टचा दुसरा मंगळवार, म्हणजे १० ऑगस्ट २०२७. निकालाला जास्तीत जास्त सात दिवस, पिटिशन टाकायला सात, सुप्रीम कोर्टाला चौदा. ७ सप्टेंबर होतो, आणि त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आहेत. रजा आधीच टाकायला सांगा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढू दे. परतीचं मात्र रिफंडेबल, कारण कोर्टाने निवडणूक रद्द केली तर साठ दिवसांत परत मतदान असतं.