चॅन्सेलला गाभारा म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये हेरफर्डशर परगण्यातल्या किलपेक गावच्या मध्ययुगीन चर्चची माहिती मराठीत आणताना नेव्ह, चॅन्सेल आणि ॲप्स यांना सभामंडप, अंतराळ (देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधली जागा) आणि गाभारा म्हटलं तर चालेल का? आणि ‘आइल’साठी ‘मार्गिका’ हा शब्द बरोबर आहे का?

तीनास तीन शब्द इतके चपखल बसतात की मोह होणारच. किलपेकचं चर्च साधारण ११४० सालचं, तांबड्या वालुकाश्मात बांधलेलं. एका ओळीत तीन भाग आहेत: पश्चिमेला मोठं दालन (नेव्ह), मग त्याहून लहान दालन (चॅन्सेल) आणि पूर्वेला अर्धगोल टोक (ॲप्स). पण इमारत बाहेरून पाहा. पश्चिमेचं छप्पर सर्वांत उंच, मधलं त्याखाली, अर्धगोलावरचं सर्वांत ठेंगणं. आपल्या देवळात याच्या नेमकं उलट असतं, सर्वांत उंच शिखर गाभाऱ्यावर चढतं. गाभारा हे देवाचं राहण्याचं ठिकाण, म्हणून सगळी उंची तिथे. चर्चमधले भाग ‘इथे कोण बसायचं’ यावरून पडले आहेत. नेव्ह गावकऱ्यांचं, चॅन्सेल धर्मगुरूंचं, आणि वेदी पूर्वेच्या टोकाला. अंतराळातून आपण नुसते पुढे जातो. चॅन्सेलमध्ये धर्मगुरू बसून रोजच्या प्रार्थना म्हणत. म्हणून ‘अंतराळ’ही नको आणि ‘गाभारा’ही नको.

ही वाटणी कागदोपत्री किती पक्की होती, हे खर्चावरून कळतं. इंग्लंडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सेलची रेक्टरने, कारण पिकाचा दशांश त्याला मिळायचा. हा रेक्टर म्हणजे गावचा धर्मगुरू, किंवा पुष्कळदा एखादा मठ. सोळाव्या शतकात मठ बरखास्त झाले, त्यांच्याकडचा हा हक्क आणि जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि त्याबरोबर दुरुस्तीचा बोजाही गेला. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात अशा जमिनीच्या मालकांना १९९० च्या दशकात सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी आली. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि २००३ साली निकाल मालकांच्या विरोधात लागला. तिथे चॅन्सेल म्हणजे नेमकी कोणती भिंत ते कोणती भिंत, हा थेट पैशांचा प्रश्न असतो. भाषांतरात सीमा पुसट करणारा शब्द वापरला की हे सगळं हरवतं.

मग म्हणायचं काय? नेव्हला ‘मुख्य दालन’ पुरेसं आहे. लॅटिनमध्ये नेव्हचं मूळ ‘नाविस’, म्हणजे जहाज, आणि आपल्या ‘नाव’ शब्दाचं तेच कुळ. नातं सुंदर आहे, पण म्हणून ‘नौकादालन’ वगैरे घडवू नये, वाचकाला डोळ्यांसमोर काहीच येणार नाही. चॅन्सेल हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘चॅन्सेल, म्हणजे धर्मगुरूंचं दालन’ अशी फोड करावी. ‘धर्मगुरू’, ‘वेदी’, पॅरिशसाठी ‘धर्मग्राम’ आणि डायोसीजसाठी ‘धर्मप्रांत’ हे शब्द वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात रोजच्या वापरात आहेत. ते सोडून नवे शब्द पाडायला बसू नये.

ॲप्ससाठी तर मराठीत शब्द आयता आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं मागचं टोक असंच गोलावलेलं आहे आणि त्याचं वर्णन ‘चापाकार’ किंवा ‘गजपृष्ठाकार’ असं करतात. ‘चापाकार टोक’ म्हणावं.

‘आइल’ने सर्वांत जास्त घोटाळा केला आहे. विमानात, नाटकगृहात किंवा चर्चच्या लग्नात बाकांमधून जाणारी वाट म्हणजे आइल, हा अर्थ आपल्याला ठाऊक असतो, म्हणून ‘मार्गिका’ सुचतं. चर्चच्या बांधकामात आइल म्हणजे मुख्य दालनाला बाजूने जोडलेलं, खांब-कमानींच्या पलीकडचं लांबट दालन. शब्दाचं मूळ लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. गावची वस्ती वाढली की जुन्या भिंतीत कमानी फोडायच्या, बाहेर नवी भिंत उभारायची आणि मधल्या जागेवर उतरतं छप्पर टाकायचं. कोकणातल्या घराला पडवी काढतात तशीच ही रीत, म्हणून ‘बाजूची पडवी’ हा मला सर्वांत जवळचा शब्द वाटतो. पडवी काढल्यावर जी अडचण होते तीच तिथेही झाली: उतरत्या छपराने जुन्या खिडक्या झाकल्या आणि मधलं दालन अंधारलं. मग भिंती उंच करून पडवीच्या छपरावर खिडक्यांची नवी ओळ काढावी लागली. तिला क्लिअरस्टोरी म्हणतात, मराठीत ‘वरच्या खिडक्यांची ओळ’. किलपेकला पडव्या नाहीतच. तिथल्या माहितीत ‘मार्गिका नाहीत’ असं लिहिलं तर लोक चालायचे कुठून, असा प्रश्न वाचकाला पडेल.

जाता जाता, ‘बे’ (दोन खांबांमधला भाग) या शब्दाला ‘खण’ म्हणावं. पाच खणी माजघर म्हणतो तसंच पाच खणी दालन. आणि ‘कॉर्बेल टेबल’चं टेबलाशी काही नातं नाही. छपराच्या कडेखाली भिंतीतून बाहेर आलेल्या कोरीव दगडी हस्तांची, म्हणजे आधाराच्या दगडांची, ती ओळ. किलपेकचं खरं वैभव तेच आहे: ८५ हस्त टिकून आहेत, त्यात माणसांची तोंडं, प्राणी, आणि शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा.

‘संरक्षित स्मारक’ हा शब्द मात्र तपासून वापरा. आपल्याकडे तो १९५८ च्या कायद्यातला आहे. इंग्लंडमध्ये त्याच्या तोडीची यादी वेगळी, आणि १९७९ च्या कायद्यानुसार उपासना चालू असलेली चर्चं तिच्यात घेत नाहीत. किलपेकचं चर्च इमारतींच्या वारसा यादीत आहे, श्रेणी १ मध्ये. मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसा वास्तूंना श्रेणी दिल्या, त्यामुळे ‘वारसा यादीतली श्रेणी १ ची वास्तू’ हे मराठी वाचकाला लगेच कळतं.

दुरुस्तीच्या परवानगीचे शब्दही फसवे आहेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये फरशी उखडायची किंवा बाक हलवायचे तर ‘डायोसीजच्या चॅन्सलरकडून फॅकल्टी’ घ्यावी लागते. शब्दकोश उघडून लिहिलं तर ‘कुलपतींकडून विद्याशाखा’ असं होईल. इथे फॅकल्टी म्हणजे लेखी परवाना, आणि चॅन्सलर म्हणजे धर्मप्रांताच्या न्यायालयाचा न्यायाधीश. हा चॅन्सलर आणि आपलं चॅन्सेल एकाच घरचे. लॅटिन ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळी. जाळीपलीकडची धर्मगुरूंची जागा ते चॅन्सेल, न्यायालयात जाळीपाशी उभा राहणारा कारकून तो चॅन्सलर, आणि मजकुरावर जाळीसारख्या रेघा मारून तो रद्द करणं म्हणजे कॅन्सल.